गालगुंडाची लस: सरकारी कार्डावर नसलेला डोस

मराठवाड्यातल्या वाचकांनी गालगुंड आणि त्यावरच्या लसीविषयी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : मुलीचं सगळं लसीकरण अंगणवाडीत वेळेवर झालं, कार्ड पूर्ण भरलंय. तरी साडेतीन वर्षांची असताना तिला गालगुंड झालं. लस वाया गेली का? (एक आई, परतूर)

लस वाया गेली नाही. गालगुंडाची लस तिला मिळालेलीच नव्हती. सरकारी कार्यक्रमात ९ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा देतात ती लस 'एमआर', म्हणजे गोवर आणि रुबेला या दोनच आजारांवरची. खासगी दवाखान्यातल्या 'एमएमआर'मध्ये गालगुंडाचा तिसरा भाग असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या वेळापत्रकात एमएमआरचे तीन डोस आहेत : ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे.

पण हे वाचून कुणी अंगणवाडीतली एमआर टाळू नये. "पुढच्या महिन्यात पैसे आले की एमएमआरच देऊ" असं म्हणत महिने जातात आणि लेकरू गोवराला उघडं पडतं. गालगुंडाने मूल दगावणं फार दुर्मिळ. गोवराने न्यूमोनिया होऊन आजही मुलं दगावतात. एमआर वेळेवर घ्या, गालगुंडाची भर नंतर घालता येते.

तुमच्या मुलीचा आजार तपासणीने सिद्ध झाला नसेल तर तिलाही ४ ते ६ वर्षांचा डोस द्या. गाल इतर कारणांनीही सुजतो, आणि आधी गालगुंड होऊन गेलं असलं तरी लसीने अपाय होत नाही.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा, एमआरचे दोन्ही डोस झालेत. आता एमएमआर चालेल का? डॉक्टर लस मेडिकलमधून आणायला सांगतात. (एक वडील, अंबाजोगाई)

चालेल. दोन्ही जिवंत लसी आहेत, म्हणजे त्यांत कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, म्हणून शेवटच्या एमआरपासून किमान चार आठवडे झालेले असावेत. तुमचे झालेच आहेत. एक डोस आता द्या, दुसरा ४ ते ६ वर्षांदरम्यान. गालगुंडापासूनचं संरक्षण एका डोसाने साधारण ७८ टक्के आणि दोन डोसांनी ८८ टक्क्यांच्या आसपास मिळतं. म्हणून दुसरा डोस सोडू नका.

खरी अडचण लस आणण्यात आहे. एमएमआर २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात ४० अंशांच्या वर पारा असताना कॅरीबॅगमध्ये घालून मोटारसायकलवरून आणलेली लस दिसायला तशीच राहते, पण आतला विषाणू मरू लागलेला असतो. डॉक्टरांच्या स्वतःच्या फ्रिजमधली लस घेणं सगळ्यात बरं. आणावीच लागली तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मासमधून, सकाळी, वाटेत कुठेही न थांबता आणा.

टोचण्याआधी बाटली हातात घेऊन बघा. लस कोरडी भुकटी असते. सोबत मिसळायच्या पाण्याची वेगळी कुपी येते. तेच पाणी, तेही थंड केलेलं, वापरायचं. दुसऱ्या लसीचं किंवा साधं इंजेक्शनचं पाणी चालत नाही. बाटलीवर उष्णता लागल्याची खूण, म्हणजे गोलात चौकोन, असेल तर आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका हवा. दोन्हींचा रंग सारखा झाला असेल तर ती बाटली परत करा. डोस अर्धा मिली, दंडावर कातडीखाली. स्पिरिट लावलं असेल तर ते वाळू द्यायचं, कारण जिवंत लस स्पिरिटने निकामी होऊ शकते. नंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा, आणि कार्डावर 'एमएमआर', तारीख व बॅच नंबर लिहून घ्या.

प्रश्न : थोरल्याला गालगुंड झालंय. धाकट्याला आजच लस दिली तर वाचेल का? आजी गालावर चुन्याचा लेप लावते. (एक आई, जिंतूर)

या खेपेला बहुधा नाही. गाल सुजण्याच्या दोन दिवस आधीपासून आजार पसरतो, म्हणजे धाकट्याला लागण व्हायची ती झालेली असू शकते. तरी लस द्या; या वेळी लागण झाली नसेल तर पुढच्या साथीत उपयोगी पडेल. लक्षणं दिसायला २५ दिवसांपर्यंत लागू शकतात, तोवर त्याच्यावर लक्ष ठेवा. थोरल्याला सूज आल्यापासून पाच दिवस शाळेत पाठवू नका; त्याचा पेला, ताट, टॉवेल वेगळा ठेवा.

चुना लावू नका, लेकराची कातडी भाजते. ओल्या फडक्याने शेकलं तरी पुरे. चिंच, लिंबू, आंबील बंद; आंबटाने लाळ सुटते आणि सुजलेली ग्रंथी ठणकते. भाकरी चावत नसेल तर ज्वारीच्या मऊ कण्या किंवा वरण-भात द्या.

तापाला पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅमपर्यंत, सहा तासांच्या अंतराने. चूक होते ती बाटली बदलल्यावर. १२ किलोच्या मुलाला '५ मिलीत १२० मिलिग्रॅम'वाल्या सिरपचे साडेसात मिली लागतात, '५ मिलीत २५०'वाल्याचे साडेतीनच. जुन्याच मापाने नवी बाटली दिली की डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको.

मान ताठरणं, सतत उलट्या, झटके, पोटात जोराची कळ : यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. बरं झाल्यावर एकेक कान झाकून, मागे उभं राहून हळू आवाजात हाक मारून बघा. गालगुंडाने क्वचित एका कानाची श्रवणशक्ती जाते, आणि दुसरा कान चांगला असल्याने घरात ते महिनोन्‌महिने कळत नाही. शंका आली तर ऐकण्याची तपासणी करून घ्या.

प्रश्न : मुलगा लातूरला अकरावीत, हॉस्टेलवर आहे. आता लस देऊन उपयोग आहे? (एक पालक, नांदेड)

नक्की आहे. एका खोलीत चार-चार मुलं आणि एकच मेस, म्हणजे या आजाराला मोकळं रान. वयात आलेल्या मुलग्यांत गालगुंडाने वृषणाला सूज येऊ शकते. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण बरंच आहे. त्यातून कायमचं वंध्यत्व क्वचितच येतं, तेव्हा घाबरू नका, पण दुखणं मोठं असतं आणि अभ्यास बुडतो. एमएमआरचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. मुलींनाही द्या; फक्त गरोदरपणात ही लस देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची.

प्रश्न : एमएमआरनंतर आठ दिवसांनी ताप आला. लसीमुळेच का? (एक आई, हिंगोली)

शक्य आहे. या लसीचा ताप पाचव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी अंगावर पुरळ येतं, दोन-तीन आठवड्यांनी गाल थोडा सुजतो. दोन-तीन दिवसांत उतरतं. लस दिली त्याच रात्री आलेला ताप मात्र बहुधा सोबत दिलेल्या दुसऱ्या लसीचा असतो. स्टेरॉइडचा मोठा डोस किंवा कर्करोगाचे औषध चालू असलेल्या, किंवा नुकतंच रक्त चढवलेल्या मुलाला लस देण्याआधी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा.

प्रश्न : दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. बाळ तेव्हा चौदा महिन्यांचं असेल. एमआरच्या दुसऱ्या डोसाचं काय करायचं? (एक वाचक, धारूर)

सोळावा महिना तुम्हाला कारखान्यावर लागेल. बाळाचं कार्ड सोबत न्या, फोनमध्ये दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि तिथल्या आशाताईला किंवा उपकेंद्रावर दाखवा; दुसरा एमआर तिथेही मोफत मिळतो. राहिलाच, तर परत आल्यावर लगेच घ्या, पाच वर्षांपर्यंत देतात. एमएमआर परवडत असेल तर त्यानंतर चार आठवड्यांनी.