चार फुटी टँकमध्ये बबल टिपसोबत कार्पेट आणि मॅग्निफिसंट ॲनिमोन ठेवता येतील का?

तुमचा खाऱ्या पाण्याचा टँक चार फुटी, त्यात क्लाउनफिशची एक जोडी आणि चांगलं रुळलेलं एक बबल टिप ॲनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक समुद्री प्राणी. आता सोबतीला कार्पेट आणि मॅग्निफिसंट आणायचं मनात आहे, तर तिघं एकत्र राहतील का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. टँक सहा फुटी असता तर दोघांबद्दल बोलता आलं असतं, तिघांबद्दल तेव्हाही नाही.

या छंदात कुणाचं कुणाशी पटतं याचे तक्ते फिरत असतात. बरीच वर्षं खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळल्यावर मी ते बघणं सोडून दिलंय. वेगवेगळ्या जातींची ॲनिमोन एकमेकांना लागली की डसणारच. त्यामुळे मी दोनच गोष्टी बघतो: याला बसायला कशी जागा लागते, आणि ती मिळाली तर ते तिथे टिकून बसेल का.

समुद्रात ही तिघं कुठे असतात बघा. बबल टिप खडकाच्या खोल फटीत पाय, म्हणजे बुडाचा चिकटणारा भाग, रोवतं आणि फक्त शुंडके, म्हणजे वरचे बोटांसारखे अवयव, बाहेर काढतं. घाबरलं की सगळंच्या सगळं फटीत ओढून घेतं. मॅग्निफिसंटचं उलट. प्रवाळखडकाच्या (रीफच्या) माथ्यावर, उघड्यावर, भर उन्हात आणि जोरदार प्रवाहात ते बसतं. कार्पेट म्हणून बहुतेक वेळा विकलं जाणारं हॅडोनी तर वाळूतलं. पाय वाळूत खोल, चकती वाळूच्या पृष्ठभागावर पसरलेली. फट, माथा आणि वाळू या तीन वेगळ्या जागा असल्यामुळे कागदावर हे छान जमतं, आणि तिथेच माणूस फसतो. समुद्रात या तीन जागांमध्ये भरपूर अंतर असतं. तुमच्या टँकमध्ये ते जेमतेम दोन विती असेल.

त्यात आकार. दुकानात बशीएवढं दिसणारं मॅग्निफिसंट निसर्गात एक मीटरपर्यंत पसरतं, हॅडोनी ८० सेंटिमीटरपर्यंत. टँकमध्ये इतकं होत नाही, पण अर्धा मीटर होणं नवलाचं नाही. चार फुटी टँकची रुंदी साधारण ४५ सेंटिमीटर असते. म्हणजे एकट्या कार्पेटने पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतची वाळू व्यापली, की बाकीच्यांनी जायचं कुठे? हॅडोनी मासेही खातं, बरं का. झोपेत भरकटलेला गोबी किंवा रास जातीचा एखादा मासा सकाळी दिसत नाही, तेव्हा उगीच फिल्टर उघडून शोधू नका.

आणि ॲनिमोन चालतं. नवीन माणसं त्याला रोपासारखं समजून ‘इथे ठेवलं’ म्हणतात. ते तुमचं ऐकत नाही. उजेड कमी वाटला, प्रवाह आवडला नाही, क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, वरखाली झाली, की पाय सोडवून ते निघतं. मॅग्निफिसंटला तर काच चढून दिव्याजवळ किंवा वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाशेजारी जाऊन बसायची फार खोड. वाटेत जे कोरल (प्रवाळ) येईल ते भाजून निघतं. वेव्हमेकरच्या जाळीत एखादं ओढलं गेलं तर त्याच्या चिंधड्या होतात आणि त्या सगळ्या पाण्यात पसरतात. म्हणून एकच ॲनिमोन असलं तरी पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा बारीक जाळी हवीच.

डसण्याचं थोडं सविस्तर सांगतो. प्रत्येक शुंडकावर असंख्य दंशपेशी असतात आणि स्पर्श झाला की त्या क्षणार्धात सुटतात. आपलं कोण आणि परकं कोण हे ॲनिमोनला कळतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अँथोप्ल्युरा एलिगँटिसिमा या जातीत हे फार स्पष्ट दिसतं. ती स्वतःच दुभंगून आपल्यासारख्याच प्रतींची वसाहत करते. अशा दोन वसाहती शेजारी आल्या की सीमेवरची ॲनिमोन खास लढाईसाठीच्या फुगीर पिशव्या बाहेर काढून समोरच्याला चटके देतात, आणि मध्ये खडकाची उघडी पट्टी उरते. संशोधक लिस्बेथ फ्रान्सिस यांनी १९७३ मध्ये याचं तपशीलवार वर्णन केलं. ही थंड पाण्यातली जात आपण पाळत नाही, पण जात एकच असूनही शेजारी चालत नाही, ही गोष्ट डोक्यात ठेवण्यासारखी आहे.

स्पर्श न होता पाण्यातून सोडलेल्या रसायनांनीही ॲनिमोन एकमेकांना मारतात, असं तुम्ही ऐकलं असेल. सॉफ्ट कोरलच्या बाबतीत असं रसायनयुद्ध खरंच चालतं. ॲनिमोनबाबत मात्र ते जितक्या ठासून सांगितलं जातं तितकं महत्त्व मी देत नाही. नुकसान होतं ते मुख्यतः अंगाला अंग लागून. तरी अशी रसायनं शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन मी कायम चालू ठेवतो. स्वस्तातला विमा आहे, पाणीही स्वच्छ दिसतं.

मला जास्त काळजी वाटते ती मेलेल्या ॲनिमोनची. मोठं कार्पेट रात्रीत सडलं तर अमोनिया इतका वाढतो की सकाळपर्यंत मासेही गेलेले असतात. तीन मोठी ॲनिमोन म्हणजे असे तीन धोके. आणि वय झालं म्हणून गेलं, ही सबब इथे चालत नाही. स्कॉटलंडमध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेलं एक लाल ॲनिमोन मालक बदलत बदलत १८८७ पर्यंत जगलं, तेही बरणीत. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. ना दिवे, ना पाण्यातली घाण काढणारं स्किमर, फक्त नियमित ताजं समुद्राचं पाणी. टँकमधलं ॲनिमोन वर्षभरात जातं तेव्हा कारण बहुतेक वेळा उजेड, पाणी, किंवा पकडताना आणि प्रवासात फाटलेला पाय, यांतच सापडतं.

क्लाउनफिशसाठी हे करत असाल तर त्यांना गरजच नाही. तुमचे ओसेलॅरिस जातीचे क्लाउनफिश असावेत असं धरतो. समुद्रात ते मॅग्निफिसंट, गिगान्टिया आणि मर्टेन्सी या ॲनिमोनमध्ये राहतात हे खरं, पण टँकमध्ये बबल टिपवर बहुतेक खूश असतात. मरून क्लाउन ही क्लाउनफिशची दुसरी जात तर समुद्रातही फक्त बबल टिपमध्येच राहते. आणि दुसऱ्या ॲनिमोनसाठी दुसरी जोडी आणायचा विचार पुढे येणारच, तो आत्ताच सोडा. चार फुटांत दोन जोड्या म्हणजे रोजची मारामारी.

मग विविधता हवी असेल तर? बबल टिपच्याच वेगवेगळ्या रंगांच्या प्रती घ्या: हिरवं, गुलाबी, लालभडक. एकाच जातीचे असल्याने त्यांना सारखाच उजेड आणि सारखाच प्रवाह लागतो, आणि वरच्या अँथोप्ल्युरासारखं न होता बहुतेक वेळा ती एकमेकांना चिकटून मजेत बसतात. जागा आवडली तर दुभंगून वाढतातही, मग कुणाला द्यायची हा प्रश्न येतो. माझी स्वतःची आवड मात्र वेगळी आहे. कॅरिबियन समुद्रातली रॉक फ्लॉवर ॲनिमोन लहान असतात, एकदा बसली की फारशी हलत नाहीत, आणि समूहात ठेवता येतात. एकाच टँकमध्ये डझनभर रंग. क्लाउनफिश त्यांच्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत, आणि मला ते सोयीचंच वाटतं. पण त्यांच्यासाठी वेगळा छोटा टँक करा, बबल टिपच्या खडकाखाली नको.

तरीही दोन मोठ्या जाती पाहिजेतच असतील तर पुढे कधी सहा फुटी टँक लावाल तेव्हा बबल टिप आणि हॅडोनी, एवढंच. एका टोकाला बबल टिपसाठी खडकाचं सुटं बेट आणि चारी बाजूंनी मोकळी वाळू. बबल टिप सहसा उघडी वाळू ओलांडत नाही. दुसऱ्या टोकाला १० ते १२ सेंटिमीटर वाळू, म्हणजे कार्पेटला पाय खाली तळाच्या काचेला धरता येईल. पूर्ण फुललेली असताना दोघांच्या कडांमध्ये हातभर अंतर उरायला हवं. टँक सहा महिने, शक्यतो वर्षभर जुना असावा. तापमान २५ ते २७ अंश, क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), आणि ती स्थिर राहावी म्हणून बाष्पीभवनाचं पाणी आपोआप भरणारी सोय. कार्पेट घेताना तोंड घट्ट मिटलेलं, पाय अखंड आणि शुंडके बोटाला चिकटणारे आहेत ना, ते बघा. पांढरंफटक किंवा भडक पिवळं, निळं दिसणारं सोडून द्या. पांढऱ्याच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारं शैवाल गेलेलं असतं आणि भडक रंग बऱ्याचदा लावलेला असतो.

आणल्यावर ते दिवसातून एकदा आक्रसून तपकिरी घाण बाहेर टाकेल, ते ठीक आहे. तोंड उघडं पडून आतडं बाहेर लोंबायला लागलं, अंगाचे लगदे सुटायला लागले आणि वास आला, तर त्याच तासाला बाहेर काढा, निम्मं पाणी बदला आणि कार्बन नवीन घाला.