मुलीला पहिल्यांदाच ‘नटक्रॅकर’ बॅले दाखवायचाय, आधी कोणतं चित्रपुस्तक वाचून दाखवू?

ज्यात उंदीर आहेत ते. ‘नटक्रॅकर’ म्हणजे ख्रिसमसला एका मुलीला भेट मिळालेला अक्रोड फोडायचा बाहुला, आणि मध्यरात्री त्याची उंदरांशी होते ती लढाई. मुलगी साडेचार वर्षांची आहे, हळवी आहे, म्हणून ‘अजिबात न घाबरवणारं’ पुस्तक सुचवा असं तुम्ही लिहिलंय. ते वाचलं आणि राहवलं नाही, कारण आम्ही नेमकं तेच केलं होतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक पाच वर्षांची असताना न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या प्रयोगाची तिकिटं काढली. मोठ्या नणंदबाईंनी त्यासाठी मुद्दाम एक पुस्तक पाठवलं. जाड पानं, सगळीकडे चमकी, बटण दाबलं की शुगर प्लम परीच्या नाचातला सेलेस्टा (घंट्यांसारखा किणकिणणारा छोटा पियानो) वाजायचा. ख्रिसमसची पार्टी, वाढत जाणारं झाड, बर्फ आणि मग थेट मिठाईचं राज्य. मध्यरात्रीची लढाई एका ओळीत उरकलेली, आणि चित्रात एकही उंदीर नाही. लहान मुलांपुढे भीतीचं काही आणूच नये, हे ताईंचं ठाम मत. मलाही तेव्हा ते पटलं. तीन आठवडे रोज रात्री तेच वाचलं.

प्रत्यक्षात पार्टीचा प्रवेश तिने टाळ्या वाजवत पाहिला. मग बारा वाजले, अंधार झाला आणि झाड वाढायला लागलं. तिथलं झाड 12 फुटांचं 41 फूट होतं. ते तसं वर वर जाताना पाहून मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो. आणि मग माणसाएवढे उंदीर आले. माझी पोर ओरडली नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, “आई, हे पुस्तकात नव्हतं.” आणि मग जे रडू फुटलं ते थांबेना. तिला घेऊन मी लॉबीत बसले. आतून हिमकणांच्या नाचातलं ते बिनशब्दांचं समूहगान ऐकू येत होतं. ज्या प्रसंगाची ती तीन आठवडे वाट बघत होती, तोच.

रात्री ताईंचा फोन. “तिचं वयच नाहीये अजून.” तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे. माझं म्हणणं एकच: ‘चल रे भोपळ्या’ सांगताना आपल्या कुठल्या आजीने वाघ गाळला? मांडीवरच्या पोराला वाघ येणार हे ठाऊक असतं, आणि म्हातारी त्याला काय सांगणार हेही. म्हणून तर ते पुन्हा पुन्हा ‘सांग ना’ म्हणतं. नटक्रॅकरचंही तेच. लेखक हॉफमनची मूळ जर्मन कथा 1816 सालची, चांगलीच गडद. तिथल्या उंदीरराजाला सात डोकी आहेत. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांद्र दुमाने ती मवाळ करून फ्रेंचमध्ये आणली आणि 1892 मध्ये सेंट पीटर्सबर्गला बॅले झाला तो त्या मवाळ कथेवरून. पण उंदीर त्यानेही काढले नाहीत. ते काढले तर मुलीने बाहुल्याला वाचवायचं कोणापासून?

पुढच्या वर्षी लायब्ररीतून दुसरं पुस्तक आणलं. लढाईला सहा पानं, मुकुटवाला उंदीरराजा पानभर. गोष्टीतली मुलगी त्याच्यावर चप्पल फेकते, म्हणून ते पान आलं की लेक उठून माझी सपात भिंतीवर फेकायची. थिएटरात झाड वाढायला लागलं तसा तिने माझा हात घट्ट धरला आणि कानात म्हणाली, “आता चप्पल फेकेल बघ.” शेवटपर्यंत बसली.

बाकी दोन-तीन गोष्टी. तुम्ही बघणार त्या प्रयोगात नायिकेचं नाव काय आहे ते आधी बघा. बऱ्याच पुस्तकांत ती क्लारा असते, पण आम्ही पाहिलेल्या, नृत्यदिग्दर्शक बॅलनशिनने बसवलेल्या न्यूयॉर्कच्या प्रयोगात, हॉफमनसारखीच, मारी. हॉफमनकडे क्लारा हे तिच्या बाहुलीचं नाव! दुसऱ्या अंकात गोष्ट जवळजवळ संपलेली असते, चॉकलेट, कॉफी, चहा असे एकामागून एक नाचच असतात. ते दाखवणारं पुस्तक निवडा. चहाच्या नाचाच्या पानावर मात्र नजर टाका, तो चिनी नाच म्हणून दाखवतात आणि जुन्या पुस्तकांत चिनी माणसांची चित्रं फार वाईट काढलेली असतात. बॅलेत कोणीच बोलत नाही, हेही मुलीला आधी सांगा. मॉरिस सेंडाकच्या चित्रांचं 1984 चं पुस्तक अप्रतिम आहे, पण त्यात हॉफमनची अख्खी कथा आहे. ते आठ-नऊ वर्षांसाठी ठेवा.

अंधाराची आणि मोठ्या आवाजाची खरंच धास्ती असेल, तर पुस्तक वाचूनही एखादं वर्ष थांबणं बरं. आणि खुर्च्या कडेच्या घ्या.

ताई अजूनही म्हणतात की ते वयामुळे जमलं, पुस्तकामुळे नव्हे. ती वर्षाने मोठी झाली होती, हे खरं. पण वयाचा प्रश्न असता तर पहिल्या वर्षी ती ‘मला भीती वाटते’ म्हणाली असती. ती म्हणाली होती, “हे पुस्तकात नव्हतं.”