सरकारी कचेऱ्यांत एआय आलं तर लोकांच्या चकरा थांबतील का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘मध्ये माणूसच नसेल तर फाईल अडवणार कोण आणि लाच मागणार कोण?’ महसूल खात्यात कारकुनी करत मी निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं तहसील कार्यालयात, विधवा आणि निराधारांना पैसे देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर गेली. त्या टेबलाच्या आतल्या बाजूनं जे दिसलं, त्यावरून सांगतो.

चकरा कमी होतील. लोकांना वाटतं साहेब निर्णय घेत नाहीत म्हणून वेळ लागतो, पण बहुतेक अर्ज निर्णयापर्यंत पोचतच नाहीत. आधारवर ‘लक्ष्मीबाई’, पासबुकावर ‘लक्ष्मी’, मृत्यू दाखल्यावर नवऱ्याचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं. मग त्रुटी लागते, अर्ज परत जातो, बाई पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा येते आणि तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. ही त्रुटी सेतू केंद्रातच, अर्ज घेतानाच यंत्रानं दाखवली तर तिचे महिने वाचतील. शासन निर्णय साध्या बोलीत समजावून सांगणारं काही निघालं तर लोकांच्याही आधी आम्हा कारकुनांनाच ते हवंय. सुरुवात झालीही आहे. सर्वोच्च न्यायालयात निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ हे साधन २०१९ पासून आहे. पीएम किसानचा हप्ता का अडला हे शेतकरी २०२३ पासून ‘किसान ई-मित्र’ या एआय चॅटबॉटला विचारू शकतो. या सगळ्याला माझा मनापासून पाठिंबा आहे, कारण इथे यंत्र चुकलंच तर माणूस फार तर पुन्हा विचारतो.

यंत्र ‘नाही’ म्हणायला लागलं की मात्र चित्र पालटतं.

२०२२ च्या सप्टेंबरात हरियाणात रोहतकला १०२ वर्षांच्या एका आजोबांनी नवरदेवासारखी वाजतगाजत वरात काढली. फलक होता, ‘थारा फूफा जिंदा है’. सरकारी नोंदीत ते मयत झाले होते आणि पेन्शन बंद पडली होती. बातमी वाचून सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ‘मी जिवंत आहे’ हे पटवायला आलेली माणसं मी रोज पाहत होतो. फरक इतकाच की त्यांच्यासमोर निदान मी बसलेला असायचो. हयातीचा दाखला दिला, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल आला, टिपणी ठेवली, सही झाली, पुढच्या महिन्यात पैसे सुरू.

तेलंगणात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. २०१४ ते २०१९ या काळात तिथे सुमारे १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली, तीही नोटीस न देता, संगणकाच्या छाननीवर. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदींतली नावं जुळवून कोणाकडे गाडी आहे, कोणाकडे जमीन आहे हे शोधणारी ‘समग्र वेदिका’ नावाची व्यवस्था त्या राज्यानं उभी केली. पुढे एक प्रकरण बाहेर आलं, रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या नावावर मोटार दाखवल्याचं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष घरी जाऊन तपासणी करा. आमच्याकडे एकाच गावात बापाच्या नावासकट सारखी नावं असलेली तीन-तीन माणसं असतात. तलाठी त्यांना ‘विहिरीजवळचा’, ‘टेलर’, ‘मुंबईवाला’ असं ओळखतो. यंत्राच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचे घोटाळे, प्रगत देशात असं होत नसेल. म्हणून ऑस्ट्रेलियाचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो. तिथे बेरोजगार आणि विद्यार्थ्यांना सरकार भत्ता देतं आणि तो दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. कर खात्याकडे मात्र आकडा असतो वर्षाचा. २०१६ च्या सुमारास सरकारनं हिशेब यंत्रावर सोपवला. यंत्रानं वर्षाच्या कमाईला २६ नं भागलं आणि प्रत्येक पंधरवड्यात माणसानं तेवढंच कमावलं असं धरलं. आता एखाद्या पोरानं सहा महिने नोकरी केली आणि सहा महिने घरी बसून भत्ता घेतला, तर सरासरीत तो घरी बसलेल्या काळातही कमावता दिसणार. त्याला पत्र गेलं, ‘तुम्ही जादा रक्कम उचलली आहे, परत करा.’ पूर्वी संशय आला की कार्यालयातला कर्मचारी मालकाकडून पगारपत्रक मागवायचा. आता पाच-सहा वर्षांपूर्वीची पगारपत्रकं शोधून निर्दोष असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी त्या पोरावर आली. लोकांनी ‘रोबोडेट’ हे नाव ठेवलं. २०१९ मध्ये न्यायालयात ते टिकलं नाही. २०२० मध्ये सरकारनं ७२ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम परत करण्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि त्यात या योजनेचे अक्षरशः वाभाडे काढलेले आहेत. कायद्यात बदल केल्याशिवाय असं करता येणार नाही, हा सल्ला खात्याच्याच वकिलांनी २०१४ मध्ये दिलेला होता, हेही त्यात आलं.

यात एआय नव्हतंच, चौथीच्या पोराला येणारा भागाकार होता. यंत्र किती हुशार होतं यानं काही फरक पडला नाही. बिघडलं ते तपासणीचं ओझं खात्याकडून माणसाकडे सरकल्यामुळे आणि ‘हे चुकतंय’ म्हणणारा मधला कारकून काढून टाकल्यामुळे.

नेदरलँड्समध्ये खरंच धोका मोजणारा प्रोग्राम होता. पाळणाघराच्या अनुदानात कोण फसवत असेल याचा तो अंदाज करायचा आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हेही त्यात धरलेलं होतं. किरकोळ चुकीवरून हजारो कुटुंबांना सगळं अनुदान परत करायला लावलं. १५ जानेवारी २०२१ रोजी त्यावरून अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.

आता एक गोष्ट, जी आयटीवाल्यांच्या सादरीकरणात कधी दिसत नाही. आमच्या योजनेत विधवा आणि निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली. दिवसाला ५८ रुपयांच्याही आत. एवढ्यात कोणी जगत नाही हे तलाठ्याला ठाऊक, तहसीलदारांना ठाऊक, लाभार्थी निवडणाऱ्या समितीलाही ठाऊक. रोजगार हमी योजनेची (रोहयो) मजुरी २०२५-२६ ला दिवसाला ३१२ रुपये होती. सत्तर दिवस हजेरी लागली की होतात २१,८४०. म्हणजे नवरा गेलेल्या बाईनं पाझर तलावाच्या कामावर सत्तर दिवस माती वाहिली की नियमानुसार ती निराधार उरत नाही! तरी योजना चालली, कारण दाखला देणारा माणूस घर बघून आकडा लिहितो. तुम्ही याला खोटेपणा म्हणाल. मी म्हणतो, नियम करणाऱ्यांनी ठेवलेलं भोक खालच्या माणसानं बुजवलेलं असतं.

रोहयोची हजेरी संगणकावर आहे, आमची लाभार्थ्यांची यादी संगणकावर आहे, दोन्हीकडे आधार क्रमांक आहे. दोन्ही याद्या एकमेकींना भिडवायला एक दुपार पुरेल. मग हजारो बायका ‘अपात्र’ निघतील, आणि त्यात यंत्राची काडीचीही चूक नसेल, कारण कागदावर लिहिलेलं ते जसंच्या तसं खरं मानतं. म्हणून माझं म्हणणं आहे की मर्यादा वाढवायची फाईल आधी हलवा, याद्या मागाहून जुळवा.

याची दुसरी बाजू लपवत नाही. ज्या मुभेमुळे त्या विधवेला पैसे मिळाले, त्याच मुभेतून गावपुढाऱ्याची पक्क्या घरातली मावशीही निराधार ठरायची. मयतांच्या नावे पैसे जमा होत राहायचे. ‘लाडकी बहीण’चंच बघा. २०२४ मध्ये अर्ज धडाधड मंजूर झाले. २०२५ मध्ये इतर खात्यांच्या माहितीशी जुळवणी केल्यावर सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचं महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितलं, आणि त्यात काही पुरुषही होते. माणसांच्या नजरेतून सुटलेलं यंत्रानं पकडलं, चांगलंच झालं. माझा आक्षेप क्रमाला आहे. जूनपासून पैसे आधी थांबले आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी होऊन पात्र ठरलेल्यांना ते पुन्हा सुरू होतील असं जाहीर झालं. मंत्रालयात सहाव्या मजल्यावर बसून हे ठीक वाटतं. दीड हजारावर गॅस आणि औषध भागवणारीला मधले महिने कोण भरून देणार? यंत्रानं संशय घ्यावा, पण माणूस दारात जाऊन येईपर्यंत हप्ता चालू राहावा.

तुमच्या लाचेच्या मुद्द्यावर थोडं. लाच जिथे अडवणूक करता येते तिथे राहते. पूर्वी ‘फाईल पुढे सरकवतो’ याचे पैसे होते. उद्या यंत्रानं लावलेला लाल शेरा जिल्ह्यात एकाच लॉगिनवरून निघत असेल, तर ‘सिस्टीममधून काढून देतो’ याचे पैसे होतील. ते लॉगिन कंत्राटी मुलाच्या हातात असतं, आणि त्याच्या कारभाराची दफ्तर तपासणी कोणी करत नाही. दलाल आमच्यापेक्षा लवकर नव्या गोष्टी शिकतात, हा माझा अनुभव.

शिवाय टेबलामागचा माणूसही आता यंत्राला विचारून लिहायला लागलाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर खात्याचा एक फेसलेस आकारणीचा (अधिकारी आणि करदाता समोरासमोर न येता ऑनलाइन होणाऱ्या आकारणीचा) आदेश रद्द केला, कारण आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्रानं समोर टाकलेलं पडताळून न बघता वापरू नका, असं न्यायालयानं बजावलं. आमच्या काळी चुकीचा संदर्भ निदान जुन्या फाईलमधून उतरवलेला असायचा, तो शोधला तर सापडायचा तरी.

केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आणलं आणि निष्कर्ष काढायला किंवा निकाल द्यायला एआय वापरायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. महसूल खात्यासाठी मी एवढं कडक होणार नाही. मंजुरी यंत्रानं द्यावी, अगदी रात्री दोन वाजता द्यावी. नामंजुरीवर मात्र नाव, पदनाम आणि कारण असलेली माणसाची सही हवी, आणि अपील कुठे करायचं ते त्याखाली छापलेलं हवं. अधिकाऱ्यांना हे आवडणार नाही, कारण ‘सिस्टीमनं नाकारलं’ या वाक्याआड बसणं फार सोयीचं आहे. मी बसलेले पाहिलेत.

तोपर्यंत तुमचा किंवा घरातल्या कोणाचा लाभ असा बंद झाला तर काय करायचं तेही सांगतो. खिडकीवर वाद घालू नका, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. साध्या कागदावर अर्ज लिहा: लाभ कोणत्या तारखेपासून बंद आहे, कोणाच्या आदेशानं, आणि कोणत्या नोंदीच्या आधारे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) चा उल्लेख करा. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला कळवणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे, असं ते कलम सांगतं, आणि ते फारसं कोणी वापरत नाही. तुमची सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित असेल तर नकार लेखी आणि सकारणच द्यावा लागतो, आणि पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं. गाडी किंवा जमीन चुकून नावावर दाखवली असेल तर आरटीओचा किंवा तलाठ्याचा कागद सोबत जोडा. अर्ज आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘साहेब बैठकीला गेलेत’ असं ऐकवतील, पण शिक्का मारायला साहेब लागत नाहीत.