शेजारच्या सीटवरचं करिअर

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटावरची मोटारींची रॅली ती दरवर्षी न चुकता पाहते. आता तिला रॅलीतच करिअर करायचं आहे, तेही गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसून. तिचे बाबा म्हणतात, शेजारी बसणं हे काय काम झालं? मला काळजी आहे ती तिच्या जिवाची आणि पोटापाण्याची. कॉलेज सोडते म्हणाली तर काय करू? आणि मैत्रिणींबरोबर एका रॅलीत मार्शल म्हणून, म्हणजे रस्त्यावर उभं राहून व्यवस्था पाहायला, जायचं म्हणते, तिला जाऊ देऊ का? – एक आई

ताई, नमस्कार.

आधी तिच्या बाबांच्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सार्डिनियाची रॅली अनेक दिवस चालते. २००४ मध्ये ती पहिल्यांदा जागतिक अजिंक्यपदाची फेरी झाली. रस्ते अरुंद, कच्चे, दोन्ही बाजूंना झाडं-झुडपं आणि दगड. ड्रायव्हरला पुढचं वळण बहुतेक वेळा दिसतच नाही. ते त्याला ऐकू येतं, शेजारच्या सीटवरून. रॅलीआधी दोघं ठरवून दिलेल्या कमी वेगात प्रत्येक टप्प्यावरून दोनदा जातात. पहिल्या फेरीत ड्रायव्हर बोलतो आणि को-ड्रायव्हर, म्हणजे शेजारी बसणारा, वहीत उतरवतो : वळण किती तीव्र, पुढे आवळतंय का, उंचवट्यापलीकडे रस्ता कुठे वळतो, आतल्या कडेला दगड आहे म्हणून वळण कापायचं नाही. दुसऱ्या फेरीत तीच वही वाचून दाखवायची आणि चुका दुरुस्त करायच्या. मग प्रत्यक्ष स्पर्धेत, गाडी उडत-आदळत असताना, तेच शब्द योग्य क्षणी कानात पडले पाहिजेत. लवकर सांगितलं तर ड्रायव्हर विसरतो, आणि उशिरा सांगितलं तर गाडी झाडीत जाते.

सार्डिनियात आणखी एक अडचण असते. रस्त्यावर वाळूसारख्या भुसभुशीत मातीचा थर असतो. सुरुवातीच्या गाड्या तो झाडत जातात आणि खालचा कडक खडक उघडा पडतो. तोच टप्पा दुपारी पुन्हा धावायचा असतो, तेव्हा चाकोऱ्या खोल झालेल्या असतात आणि सुटे दगड वर आलेले असतात. सकाळची वही दुपारी जशीच्या तशी चालत नाही. को-ड्रायव्हरला मधल्या वेळेत ती बदलावी लागते.

घड्याळही त्याच्याच हातात. वेगाच्या टप्प्यांना जोडणारे रस्ते साधे, वाहतुकीचे असतात आणि तिथे सगळे नियम पाळूनच गाडी न्यावी लागते. पुढच्या नाक्यावर ठरलेल्या मिनिटालाच हजर व्हायचं. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंद दंड. एक मिनिट लवकर पोचलात तर पूर्ण एक मिनिट दंड! आता हे सार्डिनियाच्या २०२४ च्या निकालाशेजारी ठेवून बघा. शेवटच्या टप्प्यावर सेबास्टियन ओजिए या ड्रायव्हरच्या टायरची हवा गेली आणि त्याचा प्रतिस्पर्धी ओट टॅनॅकने ती रॅली ०.२ सेकंदांनी जिंकली. इतक्या दिवसांच्या मेहनतीत फरक एवढाच. जिथे असे निकाल लागतात, तिथे टाइम कार्ड, म्हणजे नाक्यांवरच्या वेळांचं नोंदपत्र, सांभाळणाऱ्या माणसाला कुणी नुसता शेजारी बसलेला म्हणू नये. ट्रॉफीवर दोघांचा हक्क असतो, आणि तो रास्त आहे.

मुलीने हे काम निवडलं याचं मला कौतुक वाटतं. बहुतेक मुलं स्टिअरिंगची स्वप्नं पाहतात. तिने बारकाईने पाहिलंय, एवढं नक्की. आणि मुलींनी हे काम अव्वल पातळीवर केलेलं आहे. सार्डिनियाच्या आधी इटलीची फेरी सॅनरेमोला होत असे. तिथे १९८१ मध्ये मिशेल मूटाँ जिंकली. जागतिक अजिंक्यपदाची फेरी जिंकणारी ती पहिली महिला ड्रायव्हर, आणि तिच्या शेजारी वही घेऊन फाब्रित्सिया पोन्स होती.

जिवाच्या काळजीबद्दल मी तुम्हाला गोड बोलून समजावणार नाही. सार्डिनियाच्या शेजारच्याच कॉर्सिका बेटावर १९८६ च्या रॅलीत हेन्री टॉइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो दोघंही गेले. त्यानंतर ग्रुप बी या अतिशक्तिशाली गाड्यांचा वर्गच बंद करण्यात आला. २००५ मध्ये वेल्समधल्या रॅलीत मायकेल पार्क हा को-ड्रायव्हर गेला. तेव्हापासून आतापर्यंत सुरक्षेचे नियम आणि साधनं पुष्कळ सुधारली आहेत. तरीही धोका शून्य होत नाही, आणि हे तिला माहीत असलं पाहिजे. तिच्याशी यावर एकदा स्वस्थ बसून बोला. घाबरवायला म्हणून बोलू नका. तिचं उत्तर ऐकायला बोला.

पोटापाण्याचं गणित अवघड आहे. जगात सर्वोच्च पातळीवर कंपन्यांचे संघ मोजकेच आहेत, आणि पगार घेऊन त्यांच्या गाडीत बसणारे को-ड्रायव्हर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याखाली बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून हे करतात. आपल्याकडे राष्ट्रीय अजिंक्यपद आहे, एफएमएससीआय ही संघटना परवाने देते आणि गौरव गिलसारखा आशिया-पॅसिफिक विजेता ड्रायव्हर घडलेला आहे. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण इथेही प्रायोजकाशिवाय गाडी हलत नाही. पहिली काही वर्षं तिला यातून घर चालवता येईल असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच कॉलेज सोडणं मला मान्य नाही, आणि याला रॅलीच्याच आतलं कारण आहे. सर्व्हिस पार्कच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी ठरवून दिलेल्या जागेच्या, बाहेर गाडी बिघडली तर मेकॅनिकला तिला हात लावता येत नाही. रस्त्याच्या कडेला ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर या दोघांनीच, गाडीत असलेल्या हत्यारांनी आणि सुट्या भागांनी ती चालू करायची असते. सस्पेन्शनचा वाकलेला भाग ओळखणारी को-ड्रायव्हर अशा वेळी काय कामाची ठरेल, हे सांगायला नको. शिवाय प्रत्येक संघाला सस्पेन्शन, टायर, इंजिन यांवर काम करणारे इंजिनिअर लागतातच. वही हातात राहिली नाही, तरी पदवीच्या जोरावर ती याच मैदानात राहील.

आता तिच्यासाठी एक काम. निर्णय पुढे कधीही घेता येईल, आधी हे करून बघू दे. घाटातल्या रस्त्यावर तुम्ही किंवा बाबा नेहमीच्या वेगाने, नियम पाळून गाडी चालवा. तिने शेजारी बसून वळणांची नोंद करायची. परतताना, किंवा दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, ती वही मोठ्याने वाचायची. डोळे कागदावर, आणि गाडी नेमकी कुठे पोचली आहे हे शरीराला कळलं पाहिजे. चालत्या गाडीत वाचताना पुष्कळांना मळमळतं. काहींना सरावाने जमतं, काहींना नाही. तिला काय होतं ते बघा. वाचताना वळण आणि शब्द यांची चुकामूक होते का, चूक झाली तर ती गडबडते की पुढच्या ओळीवर येते, हेही बघा. हा शेवटचा गुण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक ओळ चुकली म्हणून तिथेच अडकलेला को-ड्रायव्हर पुढची पाच वळणं घालवतो.

बाबांनाच चालवू द्या, असं माझं मत. शंका त्यांना आहे, तर वही त्यांनीच ऐकावी.

मार्शल म्हणून तिला जरूर जाऊ द्या. आयोजक क्लबने प्रशिक्षण आणि सूचना दिल्याशिवाय मात्र टप्प्यावर उभं राहू देऊ नका, आणि तिने कोणत्या जागी उभं राहायचं ते आयोजकच ठरवतील, तिच्या मैत्रिणी नाहीत. उन्हात, धुळीत दिवसभर उभं राहून वेळा लिहिणं, लोकांना दोरीमागे ठेवणं, बंद पडलेल्या गाडीची खबर वर कळवणं, हे सगळं तिने एकदा करावं. को-ड्रायव्हर नाक्यावर कार्ड देताना काय बोलतात, किती शांत असतात, ते तिथे हातभर अंतरावरून दिसतं. नव्या ड्रायव्हरांना नवा को-ड्रायव्हर लागतो तेव्हा ओळखीही तिथेच कामाला येतात. परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी लागेल, ती आताच करून घेतलेली बरी. दृष्टी, मान, पाठ यांबद्दल काही असेल तर लवकर कळेल.

पुढचं पत्र तिला लिहायला सांगा, आणि घाटातल्या वहीची दोन पानं सोबत पाठवायला सांगा. खाडाखोड असली तरी चालेल, नीट उतरवून काढू नये. कुठे खोडलं आणि का खोडलं, त्यावरून मला तिच्याशी बोलता येईल.