आधी मागची बाजू बघ

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

जुन्या अमेरिकन क्विल्ट्स पारखायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. सुरुवात पाठीकडून कर. पुढचे रंग आणि नक्षी कुणालाही खेचून घेतात, पण शिवणारीचा हात कसा होता ते अस्तरावर कळतं.

रचना तुला माहीत आहेच. वर तुकडे जोडून किंवा आकार कापून शिवलेलं कापड, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा भराव, खाली अस्तर, आणि तिन्ही थरांतून आरपार जाणारा धावदोरा. आपल्या गोधडीतही धावदोराच असतो. या क्विल्ट्समध्ये मात्र तो बहुधा आधी आखून घेतलेला असतो: पिसं, वेली, दोर, चौकटींची जाळी.

टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथर, हात धुऊन कोरडे कर, अंगठ्या-बांगड्या काढून ठेव. नोंद पेन्सिलनेच कर, शाईचा एक थेंबही परत निघत नाही. खोलीतला दिवा मंद कर आणि टॉर्च कापडाला जवळजवळ समांतर धर. सपाट वाटणाऱ्या कापडावर लगेच उंचवटे आणि सावल्या दिसू लागतील. मग एका इंचात वरून दिसणारे टाके मोज, तेही पाच वेगवेगळ्या ठिकाणी. आठ ते दहा म्हणजे चांगला हात, बाराच्या पुढे असामान्य. पण आकड्यापेक्षा मी सारखेपणाला जास्त मान देतो. टाका आणि दोन टाक्यांमधली जागा सारखी आहे का? अस्तरावरचा टाका वरच्याइतकाच आहे का? शिवणी एकत्र येतात तिथे कापडाचे थर वाढतात आणि सुई अडते. तिथेही टाका फारसा लांबला नसेल, तर ती बाई खरी कसबी. कडेने टाक्यांची लांबी बदलत गेली असेल तर तो दोष समजू नकोस, कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीभोवती शिवायला अनेक जणी बसल्या असतील.

कष्टाचा अंदाज हवा तर हिशेब कर. ८० इंच लांब-रुंद क्विल्टवर दर इंचाला उभी आणि आडवी रेघ असेल तर एकूण १२,८०० इंच शिवण होते. इंचाला दहा टाके धरले तर १,२८,००० टाके.

हे कसब बघायचं तर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीच्या आमिश, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या बायकांच्या, क्विल्ट्स बघ. एकरंगी लोकरी कापड, मध्ये एक मोठा तिरका चौकोन, भोवती रुंद पट्ट्या. छापील फुलं नसल्यामुळे लपायला जागाच नाही, सगळी शोभा टाक्यांवर. उलट ‘लॉग केबिन’ प्रकारात, म्हणजे मधल्या छोट्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत नेलेल्या क्विल्टमध्ये, त्या पट्ट्या बऱ्याचदा आतल्या आधाराच्या कापडावर शिवलेल्या असतात. थर जाड होतात, म्हणून कित्येकदा धावदोऱ्याऐवजी नुसत्या गाठी मारलेल्या दिसतात. तिथे टाके नाहीत म्हणून नाक मुरडू नकोस. अर्धा उजळ, अर्धा गडद असा चौकोन फिरवत फिरवत मांडणीतून काय उभं केलंय ते बघ.

काळ ठरवताना नियम एकच: सगळ्यांत नवं कापड शोध. क्विल्ट त्याहून जुनी असूच शकत नाही. तुकडे पेटीत चाळीस वर्षं पडून राहिलेले असू शकतात, म्हणून जुन्या तुकड्यावरून काही ठरत नाही. हिरवा रंग नीट बघ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तो निळ्यावर पिवळा चढवून केलेला असे. त्यातला एक उडाला की निळसर किंवा पिवळट डाग उरतात. १८७० नंतरचे कृत्रिम हिरवे पुष्कळदा मातकट खाकी होतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं मुळातच खाकी होता. ‘टर्की रेड’ नावाचा पक्का लाल रंग मात्र बहुधा टिकून असतो. तपकिरी छापाच्या ठिकाणीच भोकं पडली असतील तर लोहयुक्त रंगाने सूत खाल्लंय. १८८० च्या दशकातल्या ‘क्रेझी क्विल्ट’मधलं, म्हणजे वेडेवाकडे तुकडे जोडून केलेल्या क्विल्टमधलं, रेशीम उभ्या चिरा पडून फाटतं, कारण वजन वाढवायला त्यात धातूंचे क्षार भरलेले असत. ते अंधारात ठेवलं तरी तुटत राहतं.

प्रकाशासमोर धरल्यावर भरावात सरकीचे कण दिसले म्हणजे क्विल्ट फार जुनी, असं लोक सांगतील. सरकी काढण्याचं यंत्र १७९३ मध्येच आलं आणि त्यानंतरच्या भरावातही असे कण सापडतात, तेव्हा हा पुरावा नाही. गुलामगिरीतून पळणाऱ्यांसाठी क्विल्टच्या नक्षीत खुणा दडवलेल्या होत्या, ही कथाही फार लाडकी आहे. तिला त्या काळातला आधार सापडलेला नाही, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या खऱ्या कामगिरीला तिची गरजही नाही. जॉर्जियातल्या हॅरिएट पॉवर्स यांचा जन्म गुलामगिरीत, १८३७ चा. त्यांच्या दोनच क्विल्ट्स आज माहीत आहेत, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात, दुसरी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात. पहिलीत हाताची शिवण आहे आणि मशीनचीही. तेव्हा मशीनचा टाका दिसला म्हणून क्विल्ट बाजूला सारू नकोस. घरगुती शिवणयंत्रं १८५० च्या दशकापासून मिळू लागली होती.

आता सांभाळण्याचं. तुझ्या हातून नुकसान होईल ते बहुधा चांगल्या हेतूनेच. धुऊ नकोस. ओल्या क्विल्टचं वजन जुन्या दोऱ्यांना पेलत नाही, रंग पसरतात, आखणीच्या पेन्सिलरेषा जातात. त्या रेषा म्हणजे ती क्विल्ट फारशी धुतली गेली नसल्याची खूण. धूळ काढायची तर वर नायलॉनची जाळी धरून व्हॅक्यूम अगदी मंद लाव आणि नळी घासू नकोस, उचलून उचलून ठेव. विरलेला तुकडा काढून नवा लावू नकोस. त्यावर तलम जाळी ठेवून ती भोवतालच्या धडधाकट कापडात बारीक टाक्यांनी अडकव. प्लास्टिकची पिशवी नको, उघड्या लाकडाचा स्पर्श नको. आम्लरहित कागद लावून रुंद नळीवर गुंडाळ. घडीच करावी लागली तर प्रत्येक घडीत त्याच कागदाची जाड वळकटी घाल आणि दर काही महिन्यांनी घडीची जागा बदल. एकाच रेषेवर राहिलेली घडी शेवटी तिथेच फाटते. भिंतीवर टांगताना वरच्या कडेला दांडा ओवण्यासाठी पूर्ण रुंदीची कापडी बाही शिव, टाका अस्तर आणि भरावापर्यंतच जाऊ दे. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत, आणि काही महिन्यांनी विश्रांती.

मापं, टाक्यांची संख्या, कापडांचं वर्णन, कुणाकडून आली ते सगळं वहीत लिहिलंस की नोंदीचा क्रमांक सुती फितीवर पेन्सिलने लिही आणि ती फीत अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात दोन सैल टाक्यांनी अडकव. चिकटपट्टी नको, तिचा डिंक कापडात उतरतो.