बिटाचं तोंड नको, शेपूट बघा

मागच्या अंकात कॉर्डलेस ड्रिल घेताना काय बघावं यावर अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर आलेले बहुतेक प्रश्न बॅटरी, व्होल्ट वगैरे सोडून एकाच जागी अडकलेत, की माझ्या मशीनला हे बिट बसेल का. म्हणून या वेळी सगळी जागा चक, म्हणजे बिट धरणारं मशीनचं तोंड, आणि बिटांनाच दिलीय. बिटाचं शेपूट म्हणजे चकमध्ये जाणारी बाजू.

प्रश्न : मेव्हण्याने बाहेरून येताना इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. माझ्याकडे जुन्या वायरवाल्या ड्रिलची डबाभर बिटं आहेत पण एकही याच्यात बसत नाही. फिरवून घट्ट करायला काही नाहीच, नुसती एक रिंग आहे ती पुढे-मागे होते. मशीन बिघडलंय का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : नाही हो दादा, मशीन धडधाकट आहे, फक्त ते ड्रिल नाहीये, फिरताना ठोके देत स्क्रू पिळायचं मशीन आहे. तुमच्या जुन्या ड्रिलच्या चकमध्ये तीन जबडे असतात, चावीने नाहीतर हाताने फिरवलं की तिन्ही एकदम आत येतात आणि मधे जे सापडेल ते धरतात, मग ते गोल असो की सहा पैलूंचं. इम्पॅक्ट ड्रायव्हरला जबडेच नाहीत. त्याच्या तोंडात षटकोनी भोक आहे, पाव इंची, म्हणजे आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या भाषेत दोन सूत, मिलिमीटरमध्ये ६.३५. यालाच क्विक चेंज चक म्हणतात, दुकानात हेक्स चक म्हटलं तरी कळतं. रिंग पुढे ओढायची, बिट आत सारायचं, रिंग सोडायची, टिक आवाज आला की बसलं. काही नव्या मशीनमध्ये रिंग ओढावीही लागत नाही, बिट नुसतं दाबलं की झालं.

आता डब्यातून स्क्रूचं एखादं लांब बिट काढा, ५० मिमीवालं, आणि शेपटाकडून साधारण एक सेंटिमीटरवर बघा, कमरेला करदोडा बांधल्यासारखी एक खाच गोल फिरलेली दिसेल. चकच्या आत बारीक पोलादी गोळी असते, रिंग सोडली की ती या खाचेत जाऊन बसते. म्हणजे फिरवायचं काम पैलू करतात आणि धरून ठेवायचं काम गोळी करते, दोन्ही लागतात. गोल शेपटाच्या बिटाला ना पैलू ना खाच, मग ते कितीही भारी कंपनीचं असो, इथे त्याचा उपयोग नाही.

आणि ती छोटी २५ मिमीची बिटं असतात ना, पाकिटात दहा-दहा येतात, त्यांचं शेपूटही दोन सूतच असतं पण त्यांना करदोडा नसतो, पैलूंच्या कडांना उंदराने कुरतडल्यासारखे बारीक कट असतात. ती थेट मशीनमध्ये घातली तर बहुतेक ठिकाणी गोळीला धरायला काही सापडत नाही, एकतर खाली पडतात नाहीतर आत खोल जाऊन बसतात आणि मग नोज प्लायरने उपसत बसा. त्यांच्यासाठी ६० मिमीचा चुंबकवाला होल्डर घ्या, तो मशीनमध्ये आणि बिट होल्डरमध्ये.

जुन्या डब्याचं काय करायचं तर, हेक्स शेपूट असलेला छोटा तीन जबड्यांचा चक मिळतो, तो इम्पॅक्टला लावून गोल बिटं चालवता येतात. पण मला तो प्रकार फारसा आवडत नाही, मशीनचं तोंड लांब होतं, बिट डोलतं, आणि इम्पॅक्टच्या ठोक्यांनी तो चक हळूहळू सैल पडतो. त्यापेक्षा हेक्स शेपटाची ३, ४, ५, ६ मिमीची चार बिटं घ्या आणि जुना डबा जुन्या ड्रिललाच ठेवा. फक्त बारीक बिटांना जपा, ३ मिमीचं बिट वाकडं दाबलं की बरोबर शेपटाच्या सांध्यावर तुटतं. आणि किचनच्या दारांच्या हिंजेससाठीचं ३५ मिमीचं बिट या मशीनवर चुकूनही लावू नका, ते ड्रिलचंच काम आहे, ठोक्यांनी भोकाच्या कडा फाटतात.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. माझ्या ड्रिलला साधा चक आहे, आधी होल मारा मग चक सोडून स्क्रूचं बिट लावा, दिवसभर हेच. क्विक चेंज चक बदलून मिळेल का? शिवाय स्क्रूची डोकी फार खाल्ली जातात. (इंदिरानगर)

उत्तर : चक बदलायच्या भानगडीत पडू नका. दोन सूती हेक्स शेपटाचा क्विक चेंज होल्डर मिळतो, रिंगवाला, तो तुमच्या तीन जबड्यांत एकदा घट्ट आवळा आणि विसरून जा, पुढे सगळी हेक्स बिटं त्यातच टिकटिक बदला. तीन जबडे आणि सहा पैलू यांची जोडी चांगली जमते, एकाआड एक पैलूवर जबडा बसतो, त्यामुळे गोल दांड्यासारखं आत घसरतही नाही. होल आणि स्क्रू असं सारखं आलटून-पालटून असेल तर एका बाजूला ड्रिल बिट आणि दुसऱ्या बाजूला स्क्रूचं बिट असलेले उलटसुलट फिरवायचे होल्डरही येतात. पण तुमचं रोजचं काम आहे, तुम्हाला सरळ दोन मशीन परवडतील असं मी म्हणेन.

डोकी खाल्ली जातात ते मात्र शेपटाचं नाही, तोंडाचं दुखणं. आपण सगळ्यालाच स्टार म्हणतो ना, तिथेच घोळ आहे. स्क्रूचं डोकं उजेडात धरून बघा. नुसतं अधिक चिन्ह असेल तर फिलिप्स, बिटावर पीएच लिहिलेलं लागेल. अधिक चिन्हाच्या चार हातांच्या मधे अजून चार बारीक रेघा तिरक्या मारलेल्या असतील तर ते पॉझिड्राइव्ह, त्याला पीझेड. दोन्ही बिटं एकमेकांत बसल्यासारखी वाटतात पण नीट बसत नाहीत, जोर आला की उसळी मारतात आणि डोकं गुळगुळीत. जिप्समचे काळे स्क्रू म्हणजे पीएच २, प्लायवूडच्या स्क्रूमध्ये दोन्ही प्रकार येतात तेव्हा पाकीट फोडल्यावर आधी बघा. आणि झिजलेलं बिट फेकून द्या राव, दहा-वीस रुपयांच्या बिटापायी लोक शंभराचे स्क्रू वाया घालवतात.

प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा आहे. भाड्याने हॅमर मशीन आणलं होतं, त्याचं एक बिट आमच्याकडेच राहिलं. ते माझ्या कॉर्डलेस ड्रिलला चालेल का? शेपटाला लांबट खड्डे आहेत. (एक ताई)

उत्तर : ताई, ते एसडीएस प्लसचं बिट. शेपूट १० मिमी जाड आणि त्याला चार खाचा, दोन शेवटपर्यंत उघड्या आणि दोन बंद. १९७५ च्या सुमारास बॉशने आणलेली ही पद्धत, आता बहुतेक कंपन्यांचे छोटे रोटरी हॅमर हीच वापरतात. यातली गंमत म्हणजे बिट घट्ट बसतच नाही, सेंटिमीटरभर पुढे-मागे खुळखुळतं, आणि ते मुद्दामच आहे कारण आतला दट्ट्या हवेच्या दाबाने बिटाच्या शेपटावर ठोके मारतो. बिट चकमध्ये आवळलेलं असेल तर ते ठोके चकच खाईल. तुमच्या ड्रिलचे जबडे त्या खाचांवर नीट बसणार नाहीत, घसरतील आणि जबडेही खराब होतील, तेव्हा नको. परत नेऊन द्या, ज्याचं बिट गेलं तो शोधत असेल बिचारा.

बाकी वाड्याच्या विटा-चुन्याच्या भिंतीला हॅमर लागतही नाही. ठोके बंद ठेवून साध्या कार्बाइड टोकाच्या बिटाने सावकाश होल मारा, नाहीतर भुसा होऊन भोक मोठं होतं आणि स्क्रूसाठी भोकात बसवलेली गिट्टी फिरत राहते. मात्र जोत्याचा काळा दगड लागला तर साध्या ड्रिलने नुसती शिट्टी वाजेल, तिथे एसडीएसच.

प्रश्न : छाटणीच्या आत शेडचे पत्रे बदलायचेत. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू ड्रिलने मारू की इम्पॅक्टने? आणि अँगलला १६ मिमीचं होल १० मिमीच्या चकवर जमेल का? (एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : पत्र्याच्या त्या स्क्रूला षटकोनी डोकं असतं, बहुतेक ८ मिमीचं, त्याला ८ चा सॉकेट बिट लागतो आणि त्याचं शेपूट पुन्हा तेच दोन सूत, म्हणजे दोन्ही मशीनला चालतो. इम्पॅक्टने हात कमी दुखतो, पण ते थांबायचं नाव घेत नाही, ट्रिगर सोडायला क्षणभर उशीर झाला की खालचा रबरी वायसर चेपून बाहेर येतो आणि पहिल्याच पावसात तिथून गळतं. ड्रिलला क्लच असतो, आकड्यांची ती रिंग, दोन-चार स्क्रूवर अंदाज घेऊन आकडा लावला की पुढे प्रत्येक स्क्रू तेवढाच बसतो. सवयीचा गडी असेल तर इम्पॅक्ट द्या, नवखा असेल तर ड्रिल. सॉकेटच्या आतल्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटत राहतो, मग स्क्रू पूर्ण आत जात नाही आणि डोलतो, तेवढं मधून मधून फडक्याने पुसायला सांगा.

१६ मिमीच्या होलसाठी शेपूट बारीक केलेली बिटं मिळतात, ती १० च्या चकमध्ये बसतील. पण बसणं वेगळं आणि झेपणं वेगळं. छोट्या १२ व्होल्टच्या मशीनला १६ मिमी जड जातं, बिट अडकलं तर मनगट पिरगाळलं जाईल. त्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांचं स्टेप बिट घ्या, त्यात हेक्स शेपटाची भरपूर मिळतात, गिअर १ वर टाका, थोडं तेल सोडा, आणि सावकाश. फक्त अँगलची जाडी बिटाच्या एका पायरीच्या उंचीपेक्षा कमी हवी, नाहीतर भोक तिरकं उतरतं.

प्रश्न : मोबाईल रिपेअरिंगच्या सेटमधली बिटं ड्रिलच्या हेक्स होल्डरमध्ये सैल होतात. (एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

उत्तर : होणारच, ती ४ मिमी हेक्सची असतात. अ‍ॅडॉप्टर शोधू नकोस, ड्रिलने मोबाईलचे स्क्रू कोण मारतं? हातानेच फिरव.

प्रश्न : दुकानदार एकदा जीएसआर म्हणतो, एकदा जीएसबी, एकदा जीडीआर. काय फरक? आणि माझ्या जुन्या ड्रिलमध्ये बिट सारखं घसरतं, चक बदलायचा झाला तर कसा? (सातपूर)

उत्तर : सातपूरला राहून हे विचारताय, तुमच्या शेजारच्याच मायकोच्या मूळ कंपनीची, म्हणजे बॉशची ही भाषा आहे! जीएसआर म्हणजे ठोक्याविना साधा ड्रिल ड्रायव्हर, जीएसबी म्हणजे ठोकेवाला, हे दोन्ही बहुधा तीन जबड्यांचे. जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन सूती हेक्स. जीडीएक्स नावाचाही एक येतो, त्याच्या तोंडात हेक्स आणि बाहेरून अर्धा इंची चौकोन, म्हणजे बिटही लागतं आणि नटबोल्टचा पानाही. बॅटरी एका कंपनीची दुसऱ्याला सहसा चालत नाही पण शेपूट कंपनी बघत नाही, तेव्हा बिटं कुठलीही घ्या.

घसरण्याचं म्हणाल तर आधी चक पूर्ण उघडून, तोंड खाली करून झटका, प्लास्टरची पूड जबड्यांत बसली की पकड जाते. मग बिट लावताना ते तिन्ही जबड्यांच्या बरोबर मधे आहे ना बघा. हे मी अनुभवाने सांगतोय. घरी बाथरूमच्या नव्या टाइलवर आरसा लावताना ४ मिमीचं बिट दोनच जबड्यांच्या फटीत धरलं गेलं होतं, मला वाटलं घट्ट झालं म्हणजे झालं, ट्रिगर दाबला आणि बिट टाइलवर फुगडी घालायला लागलं. ४ चं भोक ७ चं झालं आणि भोवती टवका उडाला तो वेगळा. आरसा चार बोटं वर सरकवला, भोकावर साबणदाणी लावली, आणि ती तिथे का आहे हे घरात सगळ्यांना माहितीये. आता बिट लावलं की आधी हवेत एकदा फिरवून बघतो, टोक एका जागी दिसलं तरच भिंतीला लावतो.

तरीही घसरत असेल तर जबडे झिजलेत, चक बदला. चकवर कोरलेलं वाचा, १.५–१३ असं असेल तर तेवढ्या जाडीची बिटं धरतो, आणि शेजारी १/२–२० यूएनएफ किंवा ३/८–२४ यूएनएफ असेल ते आट्याचं माप, नवा चक त्याच आट्याचा हवा. जबडे पूर्ण उघडले की आत तळाशी एक स्क्रू दिसतो, तो बहुधा उलट्या आट्याचा असतो, म्हणजे सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. लोक इथेच सवयीप्रमाणे उलटा पिळतात आणि त्याचं डोकं घालवून बसतात. तो निघाला की मोठी एल-की चकमध्ये आवळायची, गिअर १ वर ठेवायचा, आणि एल-कीवर घड्याळाच्या उलट्या दिशेने हातोडीचा एक फटका द्यायचा, चक सुटून येतो.