वर्षभराचं खाद्य आगाऊ घ्यावं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्र चालवणारे एक वाचक विचारतात: घरी २५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. क्लाउनफिशची जोडी, एक यलो टँग हा पिवळा समुद्री मासा, झोअँथिड, मशरूम आणि लेदर ही मऊ प्रवाळं, शिवाय एक फेदर डस्टर, म्हणजे पाणी गाळून खाणारा, पिसांच्या झाडूसारखा दिसणारा किडा. खाद्य आणि पूरक औषधांवर महिन्याला ४,५०० रुपये जातात. पुण्याचा एक विक्रेता वर्षाचा ५४,००० चा माल ४०,५०० ला देतो म्हणतो. पैसे आत्ताच, क्रेडिट कार्डावर ९ हप्ते. सहा महिन्यांनी कठीण प्रवाळांचे तुकडेही देईन, ते वाढवून विका, खर्च निघून येईल, असंही त्यानं सांगितलंय. घ्यावं का?

भाऊ, घेऊ नका. माझ्याही घरी अमरावतीला अशी टाकी आहे आणि त्या बाटल्यांचा मोह मला चांगला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचे ४,५०० फोडू. तुमच्या बिलांप्रमाणे गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि पेलेट ९००, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) २००, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) वाढवणारी दोन द्रावणं १,३००, जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) ८००, आणि अमिनो आम्लं, व्हिटॅमिन, आयोडीन, ट्रेस एलिमेंट अशा बाटल्या १,३००. यातली ती दोन द्रावणं नेमकी कोणासाठी? कठीण प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून चुनखडीचा सांगाडा बांधतं, म्हणून त्याच्या टाकीत ती सतत घालावी लागतात. तुमच्या मशरूमला आणि झोअँथिडला सांगाडाच नाही. लेदरच्या अंगात चुन्याचे बारीक कण असतात, दगडावरचं जांभळं कोरलाइन शेवाळ थोडं कॅल्शियम घेतं, एवढंच. तुम्ही दर आठवड्याला २५ लिटर पाणी बदलता, त्यात जवळपास किलोभर रीफ मीठ जातं, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठीचं कॅल्शियम वगैरे असलेलं मीठ. मऊ प्रवाळांच्या टाकीची बरीचशी गरज त्यातच भागते.

माती परीक्षण न बघता मायक्रोन्यूट्रिएंटची बाटली विकताना मन खातं, असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. मग स्वतःच्या टाकीला तोच नियम लावा. द्रावणं सात दिवस बंद ठेवा. या रविवारी पाणी बदलल्यावर अल्कलिनिटी मोजा, पुढच्या रविवारी पाणी बदलायच्या आधी पुन्हा मोजा. समजा १ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) उतरली, तर २५० लिटरमध्ये ती भरून काढायला खायचा सोडा साडेसात ग्रॅम लागतो, म्हणजे चहाचा दीड चमचा. आरओच्या पाण्यात विरघळवून पंपाच्या धारेत हळूहळू सोडायचा. यासाठी महिन्याला १,३०० जायचं कारण नाही.

बाटल्यांचंही तेच. मऊ प्रवाळांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते दिव्याच्या उजेडावर त्यांचं बहुतेक पोट भरतं. उरलेलं माशांच्या विष्ठेतून आणि खाद्याच्या चुऱ्यातून मिळतं. वरून अमिनो आम्लं ओतली की नायट्रोजन वाढतो, आणि काचेवर हिरवा थर येतो त्याला तोही हातभार लावतो. आयोडीन तर मोजल्याशिवाय घालूच नका, जास्त झालं तर जीव जातात.

माशांच्या खाण्यात मात्र मी एक रुपया कापणार नाही. टँग शेवाळखाऊ आहे, त्याला रोज नोरी हवी. त्याचं पोट आत गेलेलं दिसलं की समजायचं, कमी पडतंय. वाणसामानाच्या मोठ्या दुकानात सुशीसाठी मिळणारी बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी चालते. मायसिसची वडी मी वाटीत टाकीच्याच पाण्यात सोडतो, चहाच्या गाळणीतून गाळून तो चिकट रस फेकून देतो आणि मग घालतो. आता वाटीचा आवाज झाला तरी क्लाउनची जोडी कोपऱ्यात येऊन उभी राहते.

पण हेच खाद्य वर्षाचं साठवता येत नाही. एका मे महिन्यात आमच्याकडे रात्रभर लाइन नव्हती. फ्रीजरमधली पाकिटं वितळून सकाळी पुन्हा गोठली. टाकून द्यायला जीव होईना म्हणून मी ती वापरली. पाणी गढूळ झालं आणि दोन दिवसांत एक क्लाउन गेला. जिवंत फायटोप्लँक्टन तर फ्रीजमध्येही वर्षभर टिकत नाही. विक्रेता म्हणेल, दर महिन्याला पाठवतो. मग हे ४०,५०० म्हणजे तुम्ही त्याला दिलेलं बिनतारण, बिनव्याजी कर्ज झालं. त्याचं दुकान दिवाळीत बंद झालं तर कार्डाचे हप्ते तुम्हीच फेडणार.

आता प्रवाळांचे तुकडे विकायची गोष्ट. इथं मला तुम्हाला अडवलंच पाहिजे. २००१ पासून सगळी कठीण, म्हणजे रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे, तीच. ती बाळगणं आणि विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला किमान ३, कमाल ७ वर्षांची कैद आहे. ज्या उत्पन्नावर हा सौदा उभा आहे, ते उत्पन्न शून्य धरा. आणि ते तुकडे फुकट दिले तरी दारात घेऊ नका.

तुमचा पैसा कधी येतो हेही बघा. मे-जूनमध्ये बियाणं-खत भरायचं, माल उधारीवर द्यायचा, आणि सोयाबीन-कापूस विकून शेतकरी हिशोब करतो तेव्हा कुठं गल्ल्यात पैसा दिसतो. ऐन तंगीत ९ हप्ते कशाला लावून घेता? त्यातच तुम्ही ओझरतं लिहिलंय की आरोग्य विम्याचा हप्ता जूनमध्ये आहे आणि मागच्या वर्षी तो उशिरा गेला. यंदा तो सगळ्यात आधी, तारखेच्या आत भरा. टाकीचं त्यानंतर.

माझा आकडा असा. गोठवलेलं खाद्य आणि पेलेट ९००, नोरी २००, फेदर डस्टरसाठी फायटोप्लँक्टनची छोटी बाटली दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे महिन्याला ४००. एकूण १,५००, वर्षाला १८,०००. मीठ तुम्ही वेगळं घेताच. पॅकेजपेक्षाही २२,५०० वाचतात. त्यातून पहिल्यांदा पंपासाठी बॅटरीची सोय करा, कारण लाइन गेल्यावर प्राणी उपासानं मरत नाहीत, पाणी थांबून प्राणवायू कमी पडतो म्हणून मरतात. मग अल्कलिनिटी, नायट्रेट आणि फॉस्फेटची चांगली किट घ्या. जानेवारीत उधारी वसूल झाली की १८,००० वेगळ्या बचत खात्यात टाका आणि टाकीचा महिन्याचा खर्च तिथूनच करा. दुकानाच्या गल्ल्याला हात लावायचा नाही.

दोन्ही रविवारचे आकडे मला कळवा. अल्कलिनिटी आठवड्यात २ डीकेएचपेक्षा जास्त उतरली असेल तर टाकीतल्या प्रत्येक प्रवाळाचा जवळून काढलेला फोटोही पाठवा. मऊ म्हणून तुमच्याकडे आलेलं एखादं कदाचित कठीण निघेल.